पहिल्या चिकाचा हिशेब

खरवस आवडत नाही असा मराठी माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. गुळाचा की साखरेचा, वेलदोडा की जायफळ, यावर घराघरांत दोन तट असतील. पण कुणाकडे म्हैस व्याल्याची बातमी आली की चिकासाठी आधी नंबर लावायचा, ही रीत शहरात येऊनही आपण सोडलेली नाही. चायना ग्रास आणि दुधाची पावडर घालून थापलेल्या ज्या वड्या दुकानात खरवस म्हणून खपवल्या जातात, त्यांची गोष्ट सोडा. अस्सल चिकाला घट्ट करायला काही घालावं लागत नाही. तो नुसत्या वाफेवर थिजतो. का थिजतो? तर त्यात प्रथिनं खच्चून भरलेली असतात म्हणून. आणि त्या प्रथिनांतला मोठा वाटा प्रतिपिंडांचा असतो, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या शिपायांचा. आपण मिटक्या मारत खातो ती खरं तर एका नवजात पारडाची फौज असते.

माणसाच्या बाळाला ही फौज पोटात असतानाच वारेतून मिळायला लागते. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या वारेची बांधणीच निराळी. तिच्यातून प्रतिपिंडं पलीकडे जात नाहीत. त्यामुळे वासरू जन्माला येतं ते रिकाम्या खिशाने. निसर्गाने त्यावर केलेली तोड मोठी गमतीची आहे. जन्मल्यानंतर काही तास वासराच्या आतड्याचं दार सताड उघडं असतं. एरवी जे प्रथिन पोटात गेलं की तुकडे तुकडे होऊन पचायचं, ते या काळात अख्खंच्या अख्खं आतड्यातून रक्तात उतरतं. पण हे दार तासातासाने मिटत जातं आणि पहिल्या दिवसाअखेर जवळजवळ बंद होतं. वासराच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका चीक, तोही पहिल्या काही तासांत, असं पशुवैद्य सांगतात ते यासाठी. तीस किलोचं पारडू असेल तर तीन लिटर. दुसऱ्या दिवशी कितीही पाजा, तो पोटाला लागेल, रक्ताला लागणार नाही.

आणि या दाराला राखणदार नाही, हे आणखी एक. जो आधी येईल तो आत. चीक आधी पोचला तर चीक, नाहीतर गोठ्यातल्या शेणामुतातले जिवाणू.

हे सगळं मला बँकेने शिकवलं नाही, हे उघड आहे. पण बँकेमुळे कळलं, हेही खरं. ऐंशीच्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शेतीकर्जाचं काम पाहत होतो. एकात्मिक ग्रामीण विकासाच्या योजनेतून म्हशी वाटायचे ते दिवस. पंढरपुरी म्हशीची ती पाठीवर रेललेली लांबलचक शिंगं, बाजाराच्या दिवशी खरेदी समिती, विम्याचा कानातला पितळी बिल्ला, आणि बिल्ला नाही तर भरपाई नाही हे प्रत्येक कर्जदाराला दहा वेळा बजावणं. कर्जाच्या फॉर्मात म्हशीची जात, वय, कितवं वेत, वेळेला किती लिटर, अंगावरची खूण, सगळ्याला रकाने होते. पारडाला रकाना नव्हता. पाठीशी रेडी असली तर घेणारा दोन पैसे जास्त द्यायचा आणि रेडा असला तर मान वळवायचा, इतकाच काय तो त्याचा हिशेब. महिन्याभराने पाहणीला गेलं की निम्म्या गोठ्यांत पारडू नसायचं. ‘हगवण लागली, गेलं,’ असं शांतपणे सांगितलं जाई. म्हैस मात्र पान्हा चोरायला लागलेली असे, आणि मग मेलेल्या पारडाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभं करायचं, ती त्याला चाटत राहायची आणि दूध सोडायची. तो देखावा मला तेव्हाही पाहवत नसे. नंतर माझ्या एका कादंबरीत तो आला, पण लिहूनही त्याचं भागलं नाही.

एका वस्तीवर पाहणीला गेलो असता म्हैस नुकतीच व्यालेली. पारडू धडपडत उभं राहत होतं, कासेकडे तोंड नेत होतं आणि घरची बाई त्याला मागे ओढत होती. मी विचारलं, “मावशी, पिऊ द्या की त्याला.”

“जार पडल्याबिगर चीक पाजत न्हाईत, साहेब,” ती म्हणाली. “पोट बिघडतंय.”

ही समजूत आपल्याकडे फार दूरवर पसरलेली आहे. आणि जार पडायला चार तास लागतात, कधी आठ, कधी त्याहून जास्त. म्हणजे आतड्याचं ते दार मिटत असताना पारडू दाव्याला बांधून उपाशी. माझ्याबरोबर पशुधन अधिकारी होते. ते बाईंशी वाद घालायच्या फंदात पडले नाहीत. एवढंच म्हणाले, “पारडू ढुसण्या देऊन प्यायला लागलं की म्हशीच्या पोटात कळा येतात, जार लवकर पडतो. बघा तरी एकदा.” विज्ञान असं सोयीचं करून सांगणारी माणसं फार थोडी. कासेला तोंड लागलं की म्हशीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं. त्यानेच पान्हा फुटतो आणि त्यानेच गर्भाशय आवळतं. मुंबईच्या तबेल्यांत पारडाशिवाय दूध काढायला जे इंजेक्शन टोचत, ते याच संप्रेरकाचं. आईपण बाटलीत भरून विकायची कल्पना कुणाला सुचली असेल कोण जाणे.

इथवरची गोष्ट शेतकऱ्याला कळणारी आहे. पुढची विलक्षण आहे, आणि तिची सुरुवात फिनलंडमधल्या कोंबड्यांपासून करायला हवी.

1971 साली त्या देशातल्या पोल्ट्र्यांमध्ये साल्मोनेला इन्फंटिस नावाच्या जिवाणूची मोठी साथ आली. खाद्यातून आलेली. तिथल्या एस्को नुर्मी आणि रांताला या संशोधकांना एक गोष्ट खटकली. मोठ्या कोंबड्यांना हा जंतू सहजी लागत नव्हता, नुकतीच अंड्यातून निघालेली पिल्लं मात्र चिमूटभर जंतूनेही पछाडली जात होती. असं का? आपल्या परसातली खुडूक कोंबडी आठवा. एकवीस दिवस अंड्यांवर बसते, पिल्लं बाहेर आली की ती तिच्या पायांत घोटाळतात, ती उकरते तिथे चोच मारतात, तिच्या विष्ठेतही मारतात. त्या चोचीबरोबर आईच्या आतड्यातली जिवाणूंची सगळी वसाहत पिल्लाच्या पोटात जाते आणि तिथे ठाण मांडते. मागाहून आलेल्या उपऱ्या जंतूला जागाच मिळत नाही. हॅचरीतल्या पिल्लाला आई कुठली? यंत्रात उबवलेलं, धुतलेल्या ट्रेमध्ये जन्मलेलं, पुठ्ठ्याच्या खोक्यातून प्रवासाला निघालेलं. त्याचं पोट म्हणजे रिकामं घर, पहिला येईल तो मालक. नुर्मी आणि रांताला यांनी धडधाकट मोठ्या कोंबडीच्या आतड्यातला ऐवज घेऊन तो एका दिवसाच्या पिल्लांना पाजला, आणि मग मुद्दाम साल्मोनेला दिला. बहुतेक पिल्लं तरली. 1973 साली हे ‘नेचर’मध्ये छापून आलं. पुढे त्यावरून तयार मिश्रणं बाजारात आली आणि पोल्ट्रीवाल्यांनी ती पिल्लांच्या पाण्यातून द्यायला सुरुवात केली. आईच्या विष्ठेची जागा पाकिटाने घेतली, इतकंच.

ज्यांना हे वाचताना किळस आली असेल त्यांच्यासाठी सांगतो, प्राणिसृष्टीत हा प्रकार आम आहे. ऑस्ट्रेलियातल्या कोआलाचं पिल्लू सहा-एक महिन्यांचं झालं की आई त्याच्यासाठी खास मऊसर विष्ठा सोडते आणि ते ती खातं, कारण निलगिरीचा विखारी पाला पचवणारे जिवाणू त्याला दुसरीकडून मिळणार नाहीत. हत्तीची पिल्लं आणि घोड्याची शिंगरं हेच करतात. आपल्याकडे माळावर दिसणारा तुरेवाला हुदहुद पक्षी घ्या. अंडी उबवणाऱ्या मादीच्या शेपटीजवळच्या ग्रंथीतून एक तपकिरी, घाणेरड्या वासाचा स्राव निघतो, त्यात जिवाणू नांदत असतात, आणि ती तो चोचीने अंड्यांना माखते. निळसर अंडी तपकिरी होतात. स्पेनमधल्या अभ्यासकांनी दाखवलं की त्या जिवाणूंनी बनवलेली रसायनं रोगजंतूंना मारतात. हुदहुदाचं घरटं घाण म्हणून जगभर बदनाम आहे. ती घाण म्हणजे बाळंतिणीच्या खोलीतली धुरी निघाली.

पण पोट आणि रोग यांचं नातं आपल्याला कुठेतरी पटतं. जिवाणूंचा स्वभावाशी संबंध असेल, हे पटायला वेळ लागतो. मलाही लागला.

पाश्चरला वाटत असे की जिवाणूंशिवाय प्राणी जगूच शकणार नाही. ते तसं नाही हे पुढे दिसलं. पिल्लू पोट फाडून बाहेर काढायचं, निर्जंतुक पेटीत ठेवायचं, निर्जंतुक हवा-पाणी-अन्न द्यायचं, तर ते जगतं. 1895च्या सुमारास बर्लिनमध्ये गिनीपिगवर असा प्रयोग झाला, आणि विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत नोत्र दाम विद्यापीठात निर्जंतुक उंदरांच्या पिढ्या वाढवल्या गेल्या. जगतात, पण कसे? आतड्याचा आंधळा कोपरा फुगून बसतो. के जीवनसत्त्व बाहेरून द्यावं लागतं. खातात जास्त आणि अंगाला कमी लागतं. आणि 2004 साली जपानमध्ये फुकुओका इथे नोबुयुकी सुदो यांच्या गटाला आणखी एक गोष्ट आढळली. असा निर्जंतुक उंदीर थोडा वेळ अरुंद नळीत कोंडला तर त्याच्या रक्तात भीतीची संप्रेरकं नेहमीच्या उंदरापेक्षा कितीतरी जास्त उसळतात. त्याला बिफिडोबॅक्टेरियम इन्फंटिस हा एकच जिवाणू दिला की उसळी ताळ्यावर येते. नेहमीच्या उंदराच्या विष्ठेतले सगळे जिवाणू लहान वयात दिले तर फरक पडतो, वय उलटल्यावर दिले तर पडत नाही. म्हणजे इथेही मिटत जाणारं एक दार. (दोन्ही जिवाणूंचं आडनाव ‘इन्फंटिस’, म्हणजे तान्ह्यांचा. एक पिल्लांचा काळ, दुसरा पाठीराखा. आडनावावरून माणूस ओळखू नये हे बँकेत आम्ही सह्या तपासताना शिकलो होतोच.)

आता आईकडे वळू. 1950च्या दशकात अमेरिकेत सीमोर लेव्हिन यांना दिसलं होतं की उंदराची पिल्लं रोज काही मिनिटं आईपासून दूर केली आणि परत ठेवली, तर ती मोठेपणी जास्त धीट होतात. आईपासून तोडल्याने धीट? बरीच वर्षं हे कोडं होतं. मग लक्षात आलं की पिल्लू परत आलं की आई त्याला जास्त चाटते. माँट्रियलमधल्या मायकेल मीनी यांनी पुढे ही चाटण्याची गोष्ट धरून ठेवली. काही उंदरिणी जात्याच पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. 1997 साली त्यांनी दाखवलं की ज्यांना खूप चाटलं गेलं ती पिल्लं मोठेपणी संकटात कमी घाबरतात. कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं जास्त चाटणाऱ्या आईकडे दत्तक दिली, तर तीही तशीच निघतात. आणि त्यांतल्या मुली आई झाल्या की त्याही जास्त चाटतात. रक्ताचा वारसा नव्हे, जिभेचा वारसा. 2004 साली या चाटण्याची खूण मेंदूतल्या जनुकांवर रासायनिक रूपात उमटते, इथपर्यंत मजल गेली.

याच माँट्रियलच्या गटाने 1995 साली जिवाणूंचा प्रश्न आणला. जन्मून तीन आणि पाच दिवस झालेल्या पिल्लांना त्यांनी जिवाणूच्या आवरणातलं विष अगदी थोडं टोचलं. जिवंत जंतू नाही, नुसतं कवच. पिल्लं थोडी मलूल झाली आणि बरी झाली. वाढली, वरकरणी सगळं ठीक. पण मोठेपणी त्यांना ताण दिला तर भीतीची संप्रेरकं जास्त उसळत होती. बाळपणातल्या दोन दिवसांच्या आजाराची नोंद शरीराने खातेवहीत कायमची करून ठेवली होती. आता कुणी म्हणेल, हे निव्वळ नुकसान. तसं नाही. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात दिसलं की याच उंदरांना सांध्यांची प्रायोगिक सूज तुलनेने कमी होत होती, कारण तीच संप्रेरकं सूज दाबून धरतात. नावेला एक रक्कम, जमेला दुसरी.

इथे कुठल्याही ऑडिटरला पडेल तो प्रश्न येतो: हा परिणाम विषाचा की आईचा? आजारी पिल्लू घरट्यात परत ठेवल्यावर आई त्याच्याशी नेहमीसारखी वागेल का? 2003 साली पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी उंदरांवर हाच प्रयोग करताना आयांकडेही नजर ठेवली, आणि आयांचं वागणं बदललेलं त्यांना दिसलं. सुई पिल्लाला टोचलेली, आईला नाही. म्हणजे पिल्लाच्या अंगातला जिवाणूचा अंश आईच्या हाता-तोंडापर्यंत पोचतो आणि तिथून वळसा घेऊन पुन्हा पिल्लाकडे येतो. कुठला परिणाम कशाचा, हे वेगळं काढणं किती अवघड, ते सासू-सून आणि ताप आलेलं मूल एका घरात पाहिलेल्या कुणालाही सांगावं लागू नये.

सगळ्यात मला थक्क केलं ते 2021 साली कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमधून आलेल्या कामाने. जॅनेल आयर्स यांच्या गटाने उंदरिणींच्या पोटात ई. कोलायचा एकेकच वाण ठेवला. एका विशिष्ट वाणाच्या आयांची पिल्लं खुरटी राहू लागली. पिल्लांत दोष सापडेना. आईचं दूध तपासलं, तर तेही कसदार आणि पुरेसं. मग अडलं कुठे? आई पिल्लांना नीट पाजतच नव्हती, त्यांच्याकडे दुर्लक्ष करत होती. तीच पिल्लं दुसऱ्या आईच्या कुशीत दिली की वाढू लागली. आईच्या आतड्यातला एक जिवाणू तिच्या मायेत ढवळाढवळ करत होता. ‘माया आटली’ हा शब्दप्रयोग आपण किती सहज करतो. ती पोटातून आटू शकते हे माझ्यासारख्या कथालेखकाच्याही कल्पनेत आलं नसतं. पण हे उंदरांचं, तेही पोटात एकच जिवाणू असलेल्या प्रयोगशाळेतल्या उंदरांचं आहे, हे विसरू नये. उद्या कुणी यावरून एखाद्या दमलेल्या सुनेच्या पोटातले जंतू मोजायला निघालं, तर त्याला घराबाहेर काढावं.

माणसाच्या बाळाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण वाचणाऱ्या घरांत नातवंडं असणार. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. मग त्या कशासाठी? कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या अभ्यासकांनी दाखवलं की त्या वर सांगितलेल्या बिफिडोबॅक्टेरियमच्या खास खाऊ आहेत. आई एकाच वेळी दोघांना पाजत असते. यावरून ‘थोडी घाण पोटात गेलेलीच बरी’ असा शहाणपणा हल्ली ऐकू येतो, तो मात्र मला मान्य नाही. आईचे जिवाणू वेगळे आणि गटारातले वेगळे. आपल्याकडे तान्ही मुलं जंतुदोषाने मरत आली आहेत. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या 39 गावांत साध्या गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेतली, जंतुदोषावर वेळेत औषध दिलं, आणि नवजात बाळांच्या मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी खाली आणलं. 1999 साली ‘लॅन्सेट’ने ते छापलं. तिथे कामाला आली ती स्वच्छता, ऊब, आईचं दूध आणि प्रतिजैविक.

त्याच रस्त्यावर पुढे ओडिशातला प्रयोग आहे, आणि तो मला नुर्मींच्या पिल्लांची थेट आठवण करून देतो. डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या गटाने तिथल्या खेड्यांतली 4,556 नवजात बाळं घेतली. सगळी अंगावर पिणारी, बऱ्या वजनाची. निम्म्यांना आयुष्याच्या पहिल्या आठवड्यात सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लांटारम हा जिवाणू आणि त्याचं खाद्य म्हणून थोडी शर्करा दिली, निम्म्यांना नुसतं तसंच दिसणारं औषध. दोन महिन्यांत जंतुदोष किंवा मृत्यू यांचं प्रमाण दुसऱ्या गटात 9 टक्के होतं, पहिल्या गटात 5.4. 2017 साली हे ‘नेचर’मध्ये आलं, कोंबडीच्या पिल्लांनंतर 44 वर्षांनी.

आता पुन्हा गोठ्यात. मोठ्या डेअऱ्यांत हल्ली चिकाची बँक असते. गंमत नाही, तिला बँकच म्हणतात. जास्तीचा चीक काचेच्या छोट्या उपकरणावर तपासायचा, आकडा 22च्या वर असेल तर उत्तम प्रत, मग पिशव्यांत भरून तारीख घालून गोठवून ठेवायचा. उणे 20 अंशांवर वर्षभर टिकतो. पुढे एखादी गाय चिकाशिवाय व्याली किंवा बाळंतपणात गेली तर पिशवी कोमट पाण्यात ठेवून विरघळवायची. पाणी कढत नको, 60 अंशांच्या वर प्रतिपिंडं मोडतात, म्हणजे खरवसच होतो. आणि पहिली पाजणी शक्यतो दोन तासांच्या आत. मागे एका तरुण दूधउत्पादकाकडे मी ती वही पाहिली. गायीचा बिल्ला, चिकाची तारीख, आकडा, लिटर, आणि शेवटच्या रकान्यात ज्या वासराला पाजला त्याचा स्वतःचा बिल्ला. त्याने ती वही माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “काका, बघा बरं, बेरीज बरोबर आहे का.” मी चष्मा काढून दोनदा केली. बरोबर होती. मग त्याच्या आईने विचारलं, खरवस खाणार का. वासराचं पोट भरून उरलाय.